नारू काढणारी हरणाबाई

सोनखडीत मी पाच वर्षं मास्तर होतो. खानापूर तालुक्याच्या माळावरचं दीडशे उंबऱ्यांचं गाव. नावावरून कुणाला वाटेल, इथं सोनं पिकत असेल. पिकत होता नारू.

हल्लीच्या पोरांना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पायावर आधी एक फोड येतो. आग अशी होते की धडधाकट गडी लहान मुलासारखा रडतो. मग फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसायला लागतं. तो दोरा जिवंत असतो, हात-दीड हात लांब. ओढून काढायची सोय नाही. तुटला तर आतल्या आत सडतो, पाय सुजतो, सांधा कायमचा आखडतो. म्हणून तो काडीला गुंडाळायचा. रोज दोन बोटं, जास्त नाही. मग काडी पायालाच चिंधीनं बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं. असं तीन आठवडे, कधी महिनाभर.

हे काम सोनखडीत हरणाबाई करायची.

उंच, काटकुळी, मिश्रीनं काळे झालेले दात आणि जिभेला हाड नाही. सासू बनुबाईकडून ती हे शिकली, तेही नवऱ्यापायी. तिचा नवरा नाथाजी पलटणीत होता. सुट्टीवर आला असताना त्याचा नारू कुण्या शहाण्यानं हिसकला आणि तुटला. गुडघा आखडला, पलटणीनं घरी पाठवलं, आणि चार वर्षं झुरून तो गेला. त्यानंतर हरणाबाईनं एकाही माणसाचा दोरा तुटू दिला नाही. पंधरा वर्षांत एकही नाही. पैसा घेत नसे. पूर्ण दोरा निघाला की रोग्यानं एक नारळ आणायचा, आणि तो तिनं विहिरीतल्या साती आसरांना वाहायचा, एवढीच रीत.

हात हलका आणि तोंड जड. "गड्या, तुला तीन पोरं झाली आन् आजून बोंबलतोस व्हय? गप बस, न्हाईतर बायकुला बोलवून दावते तुजं रडं," असं म्हणत म्हणत तिची दोन बोटं काम उरकत असत. रडणाऱ्याला हसू यायचं. मी स्वतः तिच्यासमोर बसलेलो आहे, डावा घोटा पुढं करून. माझं शिक्षण काढून तिनं मला जे काही सुनावलं ते मी इथं लिहीत नाही.

गावाला पाण्याची एकच जागा, देवळामागची पायविहीर. बावीस पायऱ्या. बायका खाली उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी बुडवायच्या. हरणाबाईचा दवाखानाही तिथंच. रोग्याला ती पाण्यालगतच्या पायरीवर बसवायची आणि पाय पाण्यात सोडायला लावायची. गार पाण्यानं आग थांबते, आणि नारू सैल होऊन आपणहून बाहेर येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते खरंही होतं. तोच तिचा हातखंडा. एका अंगाला पाय पाण्यात, दुसऱ्या अंगाला घागरी पाण्यात. मीही ते पाणी प्यायलो आणि कधी काही मनात आलं नाही. मी विज्ञान शिकवत होतो.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात देवीची लस टोचायला तालुक्याचा एक तरुण डॉक्टर आला. पाणी प्यायला म्हणून विहिरीकडं गेला आणि वरच्या पायरीवरूनच ओरडला, "अहो बाई, हे काय चालवलंय? हे पाणी पितात लोक!"

मग त्यानं देवळाच्या पारावर बसून सगळ्यांना समजावलं. नारूचं तोंड पाण्याला लागलं की तो हजारो पिलं पाण्यात सोडतो. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी माणूस पितो, आणि एका वर्षानं त्याच्या पायातून नवा नारू निघतो. औंदाचं पाणी पुढच्या उन्हाळ्यात पायातून येतं. लोकांनी माना डोलावल्या आणि उठून गेले. हरणाबाई तेवढी बसून राहिली.

दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या ओट्यावर आली.

"मास्तर, त्यो डाक्टर बोलला त्ये खरं हाय?"

मी पुस्तकातला माणूस. म्हटलं, "खरं आहे. पाण्यातूनच होतो तो."

"म्हंजी म्या पाय बुडवाय लावत हुते…" मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजी मीच पेरला व्हय, मास्तर?"

त्या वेळी काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, सासूनं शिकवलं ते केलं, असं काहीही. मी म्हणालो, "आता पुढं तरी करू नका."

तिनं पुढं केलं नाही. रोगी अंगणात बसवायची, बादलीत पाय बुडवायची, आणि ते पाणी लांब खडकावर नेऊन उन्हात ओतायची. घरातलं पाणी लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळायची. पण आग लागलेला माणूस कुणाचं ऐकतो? ते तिच्या अंगणातून उठायचे आणि सरळ विहिरीत जाऊन पाय सोडून बसायचे. मग ती हातात फोक घेऊन वरच्या पायरीवर बसायला लागली. लोक हसले, मग चिडले. "हीर काय हिच्या बाची हाय?" असं तिला तोंडावर ऐकवलं. ज्यांचे दोरे तिनं काढले होते त्यांनीच.

पायऱ्या बंद झाल्याशिवाय हे थांबायचं नाही, हे तिला कळलं. आणि त्यावर इलाज होता. डॉक्टरांनीच जाताना सांगितलं होतं: पायऱ्या बुजवून, वर कठडा बांधून, रहाट बसवायला सरकारी अनुदान मिळतं. दगड आणि अंगमेहनत गावाची, बाकी सगळं सरकारचं. अट एकच. गावात नारूचे निदान वीस रोगी असले पाहिजेत, आणि ते ऐन उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्वतः येऊन डोळ्यांनी बघितले पाहिजेत.

वीस! आमच्याकडं एका आळीत वीस निघाले असते.

अर्ज मी लिहिला. हरणाबाईनं घरं मोजून नावं सांगितली, एकेचाळीस भरली. पहिला अंगठा तिचा. ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला, कारण फुकटची विहीर कुणाला नको? मोहिद्दीन गवंड्यानं मजुरीचा पैसा घेणार नाही म्हणून सांगितलं आणि पावसाळा संपताच तीन गाड्या दगड फोडून विहिरीकाठी आणून टाकले. हरणाबाई येता-जाता त्या दगडांना हात लावून जायची. मला म्हणायची, "मास्तर, एवढं एक झालं की माजं डोळं मिटाय मोकळं." मीही छाती काढून फिरत होतो. वाटत होतं, आपल्या हातून एक काम झालं.

पत्र आलं पंचाहत्तरच्या वैशाखात. रोग्यांची पाहणी अमुक तारखेला.

आता इथं आमच्या गावची एक खोड सांगायला हवी. नारू निघतो उन्हाळ्यात, आणि लग्नं जमतात तीही उन्हाळ्यात. नारूच्या गावातली पोरगी कोण करणार, आणि नारूच्या गावात पोरगी कोण देणार? म्हणून पाहुणे येणार म्हटलं की घरातले रोगी रानात जायचे, कुणी वैरणीच्या खोपीत, कुणी मामाच्या गावाला. ज्याला चालता येत नसेल त्याला घोंगडं पांघरवून 'हिवताप हाय' म्हणायचं. एका घरी पाहुणे आले तर सगळी आळी सांभाळून घ्यायची. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. शेजारधर्म होता तो. वर्षानुवर्षं गाव ह्यात तरबेज झालं होतं.

सरपंच आप्पासो वाईट माणूस नव्हता. लग्नाच्या तीन भाच्या त्याच्याच घरी होत्या. पत्र वाचून त्यानं मला पारावर बोलावलं.

"मास्तर, ह्ये डाक्टर लोक नावं लिवून घेणार व्हय?"

"घेणारच. त्याशिवाय अनुदान कसं मिळेल?"

"म्हंजी सोनखडी नारूची, आसं तालुक्यात कागदावर येणार." त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "हीर आज न्हाई तर उद्या हुईल वो. पोरगी एकदा मोडली की मोडली."

मी चिडलो, दोन शब्द जास्तच बोललो. तो उठून गेला, आणि त्या संध्याकाळी त्याची माणसं घरोघर जाऊन निरोप देऊन आली.

तरी मला भीती नव्हती, कारण हरणाबाई होती. कुणाच्या कुठल्या पायात काय आहे हे तिला पाठ होतं. गाव तोंड लपवेल, पण ती एकटी उभी राहून नावं घेईल याची मला खात्री होती. पाहणीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तिच्या घरी गेलो.

दारात लीला बसली होती, तिची एकुलती एक लेक. एकोणीस वर्षांची, आईसारखीच उंच, पण तोंडानं गरीब. दोन ठिकाणी जमलेलं तिचं मोडलं होतं. एकदा पाहुण्यांनी शेजारच्या म्हातारीची पायाची चिंधी बघितली, आणि दुसऱ्यांदा कुणीतरी एसटीत बडबडलं. आता तिसरं जमलं होतं, पाटणच्या बाजूचं. मुलगा कृष्णात, फौजेत ड्रायव्हर, सुट्टी घेऊन आलेला. लग्नाला बारा दिवस उरले होते.

मला बघून लीला उठली आणि तिचा तोल गेला. लुगड्याचा काठ वर सरला. घोट्याच्या वर चिंधी होती आणि चिंधीत काडी.

"काटा मोडलाय, गुरुजी," ती म्हणाली आणि आत गेली.

हरणाबाई चुलीपाशी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मागल्या चैतातलं पानी हाय ह्ये. डाक्टर यायच्या आदीचं. मी हिरीत लोकांचं पाय बुडवत हुते आन् ही वरच्या अंगाला घागर भरत हुती." तिचा आवाज कोरडा होता. "माजाच हाय ह्यो, मास्तर. मीच पेरल्याला."

"उद्या काय सांगणार तुम्ही?"

"खरं सांगनार. न्हाईतर मी मेल्यावर कुटं जायाचं?"

तिनं ते मनापासून सांगितलं होतं. मला आजही तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. तोच डॉक्टर, बरोबर एक कारकून. गाव झाडून लख्ख केलेलं. घरोघर फिरले, आणि प्रत्येक घरात धडधाकट माणसं दारात उभी. चहा घ्या, ताक घ्या. लंगडणारं एक माणूस नाही. इतकी निरोगी सोनखडी मी पाच वर्षांत कधी पाहिली नाही. चाळीसएक माणसं त्या वेळी ओढ्याच्या पलीकडं बाभळीखाली उन्हात पाय धरून बसली होती.

फक्त एका घरापुढं बाई बसली होती, पाय पसरून, काडी सगळ्यांना दिसेल अशी. मोहिद्दीनची बायको रहिमतबी. मोहिद्दीन तिच्या शेजारी उभा होता. "साहेब, लिवा हिचं नाव. आजून लय हायत, पर ज्याचं त्यानं सांगावं."

डॉक्टरनं तपासलं, लिहिलं, आणि म्हणाला, "एका रोग्यावर विहीर मिळत नाही हो."

पारावर सगळे जमले. डॉक्टरनं अर्ज काढला आणि हरणाबाईला पुढं बोलावलं.

"बाई, अर्जात तुमचा अंगठा आहे. एकेचाळीस रोगी लिहिलेत. कुठं आहेत ते?"

ती उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. बायकांच्या घोळक्यात मागं लीला उभी होती, एका पायावर भार टाकून, खांबाला धरून. बाकी सगळं गाव हरणाबाईकडं बघत होतं. ती मात्र लीलाकडं बघत होती.

"ती मागल्या सालची नावं हायती, साहेब," हरणाबाई म्हणाली. "औंदा कोण न्हाई."

"कुणीच नाही?"

"कोण न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं वळला. "गुरुजी, अक्षर तुमचं आहे. तुम्ही सांगा."

माझ्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी होती. नारूमुळं शाळेत न येणाऱ्या चौदा मुलांची नावं त्यात होती. आदल्या दिवशी मीच हजेरीवरून उतरवून घेतली होती. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. मग मी म्हणालो, "बाई सांगतात तसंच असेल."

लीलासाठी म्हणालो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यात थोडं तथ्य आहे. पण सरपंचाशी वैर घेऊन गावात राहायचं कसं, हाही विचार त्याच क्षणी मनात होता, आणि तो आधी आला होता.

जीप गेली. आप्पासोनं सगळ्यांना चहा पाजला. लोक हसतखेळत रोग्यांना आणायला ओढ्याकडं गेले, आणि परत येताना निम्मे रोगी विहिरीत पाय बुडवून घरी आले. उन्हात बसून त्यांच्या पायांची लाही झाली होती. अनुदान पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावाला मिळालं. तिथल्या लोकांनी सव्वीस पाय मोजून दाखवले होते.

हरणाबाई त्यानंतर चार दिवस कुणाला दिसली नाही. पुढचं मला रहिमतबीनं सांगितलं. हळदीला सासरच्या बायका येणार, नवरीला त्यांच्यासमोर न्हाऊ घालणार, पाय चोळणार. काडी लपणार कशी? दोरा अजून वीतभर आत होता, आठ-दहा दिवसांचं काम. हळद चार दिवसांवर आलेली. हरणाबाईनं लेकीला अंगणात बसवलं, तोंडात पदर कोंबायला सांगितलं, आणि रोजच्या दोन बोटांऐवजी ओढत राहिली. चार बोटं आली. सहा आली. मग दोरा तुटला.

"बाई वरडली न्हाई," रहिमतबी म्हणाली. "पोरगीबी वरडली न्हाई. दोगी तुटलेल्या टोकाकडं बगत बसल्या."

लग्न झालं. लीला अंगात ताप घेऊन, सुजलेला पाय नव्या चपलेत कोंबून बोहल्यावर उभी राहिली. कृष्णात मुलगा चांगला होता, त्यानं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. महिन्याभरात ती एसटीनं परत आली. बरोबर सासरा. "बरी करून धाडा," एवढं बोलून तो पाणीसुद्धा न घेता गेला. आम्ही तिला सांगलीला दवाखान्यात नेलं. पाय वाचला. घोटा आणि गुडघा दोन्ही आखडले, पाय काठीसारखा सरळ राहिला. पुढच्या वर्षी कृष्णातनं दुसरं लग्न केल्याची बातमी आली. दोष कुणाला द्यायचा?

आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गावात साठच्या वर नारू निघाले.

हरणाबाई मला घेऊन तालुक्याला गेली. साहेबाच्या टेबलापुढं उभी राहून तिनं सगळं सांगितलं. मागल्या साली खोटं बोलले, माझ्या पोरीपायी बोलले, मला काय करायचं ते करा, पर हीर द्या. तो डॉक्टर बदलून गेला होता. नव्या माणसानं फाईल काढली, वाचली, आणि शांतपणे म्हणाला, "तुमच्या गावात प्रादुर्भाव नाही असा अहवाल आहे. आणि ती योजना गेल्या मार्चला संपली." तो उद्धट नव्हता. त्यानं तिला बसायला खुर्चीही दिली. ती बसली नाही.

गावात हे कळलं तेव्हा लोक तिच्यावरच तुटून पडले. तालुक्याला जाऊन गावाचं नाव घालवलं म्हणून. दोन लग्नं खरंच मोडली. लोकांनी तिच्याकडं नारू काढायला येणं सोडलं, आणि तिनंही कुणाला बोलावलं नाही. मोहिद्दीनचे दगड हळूहळू गोठ्यांच्या भिंतींना गेले.

अठ्ठ्याहत्तर साली माझी शिरवळकडं बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी विहिरीकडं गेलो. हरणाबाई वरच्या पायरीवर बसलेली. हातात फोक नव्हता. खाली दोन गडी पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि ती त्यांना काही बोलत नव्हती. लीला पाणी भरायला उतरत होती. उभ्यानं उतरता येत नसे, म्हणून बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकत, सरळ राहिलेला पाय पुढं धरून, घागर मांडीवर घेऊन. बावीस पायऱ्या. आई तिच्याकडं बघत होती.

"येतो मी, हरणाबाई," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, मी आई हुते," ती म्हणाली. "माजं त्वांड उगडलं न्हाई. तुमी तरी बोलायचं हुतं."

खाली लीला पाण्याशी पोचली होती. तिनं त्या दोन गड्यांना थोडं सरकायला सांगितलं, आणि घागर बुडवली.